पटतं सगळ्यांना, अडत कोणाचंच नाही

रेवती_क

हवामानबदलावर माहिती देणारे धागे इथे आधी बरेच येऊन गेलेत, त्यामुळे विज्ञानाची उजळणी नको. माझा प्रश्न वेगळा आहे. हवामान बदलतंय हे नाकारणारं माणूस मला गेल्या कित्येक वर्षांत भेटलेलं नाही. रिक्षावाले काका म्हणतात, पूर्वी असं नव्हतं हो. सासूबाई म्हणतात, वैशाखात असा पाऊस जन्मात पाहिला नाही. ऑफिसात तर सगळे शिकले-सवरलेले. सगळ्यांना पटतं. आणि पटल्यावर पुढे काहीही होत नाही.

२०२५ साली मोसमी पाऊस २६ मे रोजी मुंबईत पोचला. नेहमीची तारीख ११ जून. १९५० पासूनच्या नोंदींत इतक्या लवकर तो कधी आला नव्हता. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर त्या दिवशी काय आलं? कांदाभज्यांचे फोटो. भज्यांना माझा विरोध नाही, पण एखाद्याने तरी 'हे काय चाललंय' म्हणावं की नाही?

त्याआधीचं आठवा. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं, त्याच दिवशी महाडजवळचं तळीये दरडीखाली गेलं. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानात भर उन्हात बसलेल्या लोकांपैकी १४ जण उष्माघाताने गेले. तीन महिन्यांनी इर्शाळवाडी दरडीखाली. दर वेळी चार दिवस चॅनेलवर आरडाओरडा, मदतीचे आकडे, मग क्रिकेट. खारघरनंतर वाद झाला तो नियोजनाचा आणि राजकारणाचा. तो व्हायलाच हवा होता. पण आता एप्रिलच्या दुपारी लाखो माणसं उघड्यावर बसवताच येणार नाहीत, लग्नं, सभा, परीक्षा सगळ्याचीच वेळ बदलावी लागेल, हा मुद्दा कडेलाच राहिला.

सोसायटीच्या सभेत मी गच्चीवर सोलर बसवायचा विषय काढला. कोणी विरोध केला नाही. 'छान कल्पना', 'करायलाच पाहिजे', आणि मग सव्वा तास पाहुण्यांच्या गाड्या कुठे लावायच्या यावर. विरोध झाला असता तर भांडता तरी आलं असतं.

तुम्ही घरात, ऑफिसात, नातेवाइकांत हा विषय काढता का? काढला तर काय होतं? आणि स्वतःपुरतं जे काही करता त्याने फरक पडतो असं खरंच वाटतं, की नुसतं मनाचं समाधान? उपदेश नको, अनुभव लिहा.

उनाडटप्पू

एसी १८ वर ठेवून धागा वाचतोय. छान कल्पना. करायलाच पाहिजे.

सदाशिव_नाना

रेवतीताई, हे सगळं जाऊन अमेरिकेला आणि चीनला सांगा. भारतीय माणूस वर्षाला माणशी सुमारे २ टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो, अमेरिकन १४ च्या आसपास. त्यांनी दीडशे वर्षं कोळसा आणि तेल जाळून घरं भरली आणि आता आम्ही पंखा लावताना विचार करायचा? आमच्या पिढीने एका बादलीत अंघोळ केली, थोरल्याचे कपडे धाकट्याने वापरले. तेव्हा त्याला पर्यावरण म्हणत नव्हते, परिस्थिती म्हणत होते. आम्हाला कोणी शहाणपण शिकवू नये.

केदार_एनजे

नाना, आकडे बरोबर आहेत. पण सरासरीमागे लपणं सोपं असतं. त्या २ टनांत गडचिरोली आणि नंदुरबारच्या पाड्यावरचं घरही आहे, जिथे एक दिवा आणि एक पंखा. इथे लिहिणाऱ्यांचा हिशोब मांडून बघा. घरात महिन्याला ३०० युनिट वीज धरा. आपली वीज अजून मुख्यतः कोळशाची, त्यामुळे युनिटमागे साधारण ०.७ किलो. म्हणजे महिन्याला २१० किलो, वर्षाला अडीच टन, चौघांत वाटले तरी प्रत्येकी सहाशे किलोच्या वर. हे नुसतं विजेचं. गाडी वेगळी. मुंबई-लंडन जाऊन येऊन माणशी ढोबळमानाने दीड टन.

मी स्वतः त्या १४ टनवाल्या गर्दीत राहतो, आणि आई-बाबांना भेटायला भारतात येणं मी थांबवणार नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण असल्या धाग्यांवर पाचव्या प्रतिसादापर्यंत कोणीतरी विमान काढतंच.

इकडच्या मराठी घरगुती मेळाव्यांत घरांचे दर, कॉलेज प्रवेश आणि व्हिसा यांवर रात्र संपते. हवामानाचं नाव काढलं की तो थेट डावे-उजवे वाद होतो, म्हणून लोक टाळतात. मी बोलणं सोडलं आणि घर गरम करणारी गॅसची भट्टी काढून त्याजागी विजेवर चालणारा हीट पंप बसवला. इथल्या २०२२ च्या कायद्यामुळे त्यावर ३० टक्के, जास्तीत जास्त २००० डॉलर करसवलत होती, ती २०२५ संपताना बंद झाली. शेजारी बघायला आले. एकानेही हवामानाबद्दल विचारलं नाही. थंडीत पुरतो का, आवाज किती, बिल किती, एवढंच. पण शेजारच्या घरात आता तोच पंप आहे.

देवगड_बागायत

शीर्षक वाचून जरा राग आला म्हणून लिहितोय. अडत कोणाचंच नाही म्हणता? आमचं अडतं.

हापूसचं गणित सांगतो. पाऊस वेळेत थांबायला हवा, जमीन सुकायला हवी, मग नोव्हेंबर-डिसेंबरात थंडी पडली की मोहोर येतो. पाऊस दिवाळीपर्यंत रेंगाळला तर झाड मोहोर सोडून पालवी काढतं. ती पालवी पक्व होईपर्यंत थांबा, म्हणजे हंगाम पुढे गेला. बरं, मोहोर आला, कणी (अगदी बारीक फळं) धरली, आणि जानेवारी-फेब्रुवारीत परत कडक थंडी आली तर त्याच फांदीला दुसऱ्यांदा मोहोर फुटतो. पुनर्मोहोर म्हणतात त्याला. शहरातल्या माणसाला वाटेल, वा, दुप्पट आंबे. होतं उलटं. झाडाचा सगळा जोर नव्या मोहोराकडे जातो आणि वाटाण्याएवढी, गोटीएवढी झालेली फळं गळून पडतात. दापोलीचं कृषी विद्यापीठ त्यावर जिब्रेलिक आम्लाची फवारणी सांगतं, आम्ही मारतो. मग मार्चमध्ये ऊन एकदम चढलं की फळ भाजतं, साका (आतला गर पांढरा, स्पंजासारखा होणं) वाढतो. मध्ये अवकाळी सर आली की करपा. ढगाळ राहिलं की तुडतुडे. आणि फुलकिडे तर आता औषधांना दादच देत नाहीत.

वडिलांच्या वेळी फवारण्या बोटांवर मोजण्याइतक्या असायच्या. आता भिंतीवर वेळापत्रक लावावं लागतं. औषध, मजुरी, खोका, वाशीपर्यंतचं भाडं घालून एका पेटीत शिल्लक काय राहते ते विचारू नका. गिऱ्हाईक म्हणतं, यंदा आंबा महाग आहे हो. तुमच्याकडे हवामानबदल येतो तो तेवढाच, पेटीच्या भावातून.

काय करता म्हणून विचारलंत. फळांना कागदी पिशव्या घालतो, त्याने भाजणं आणि डाग कमी होतात. आंब्यात काजू, कोकम, मिरी घातली, म्हणजे आंबा गेला तरी वर्ष जात नाही. हवामानावर आधारित फळपीक विमा उतरवतो. त्याची भरपाई ठरते महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या नोंदीवरून, आणि कोकणात एका डोंगराच्या अलीकडे-पलीकडे पाऊस वेगळा असतो, हे इथल्या कोकणी लोकांना सांगायला नको. थोरल्याने मुंबईत नोकरी धरली, तोही एक उपायच समजा.

गावात लोक गप्प असतात ते पर्वा नाही म्हणून नव्हे. बोलून थंडी पडत नाही म्हणून.

उनाडटप्पू

अवांतर: दादा, यंदा पेटी कशी? व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

देवगड_बागायत

बघा, मी काय म्हणत होतो. (व्यनि केलाय.)

रेवती_क

दादा, शीर्षक आमच्या सोसायटीपुरतं वाचा. पण तुमच्या प्रतिसादामुळे एक नवीन प्रश्न पडला. ज्याचं अडतं त्याच्या हातात फार काही नाही आणि ज्याच्या हातात आहे त्याचं अडत नाही, मग मध्ये बोलणार कोण?

पाषाण_रोड

देवगडच्या प्रतिसादाला आकड्यांची थोडी जोड देतो. आपल्या पाषाणच्या आयआयटीएममधले (भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था) रॉक्सी मॅथ्यू कॉल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं की मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत भागावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्या. एकूण पाऊस मात्र वाढलेला नाही, तो झोडपून पडतो आणि मग दडी मारतो. हवा एका अंशाने तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते, हे त्यामागचं साधं कारण. २०२१ च्या अभ्यासात अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांत १९८२ ते २०१९ दरम्यान ५२ टक्के वाढ दिसली. निसर्ग (जून २०२०) आणि तौक्ते (मे २०२१) कोकणाने वर्षाच्या आत पाहिली.

पण धाग्याचा विषय माणसं आहेत. २०२४ मध्ये 'नेचर क्लायमेट चेंज' या नियतकालिकात १२५ देशांतल्या सुमारे १ लाख ३० हजार लोकांची पाहणी छापून आली. हवामानासाठी दर महिन्याला आपल्या उत्पन्नातला १ टक्का द्याल का? ६९ टक्के हो म्हणाले. मग विचारलं, तुमच्या देशातले किती लोक हो म्हणतील असं वाटतं? सरासरी अंदाज आला ४३ टक्के. प्रत्येक जण स्वतः तयार आहे आणि बाकीच्यांना काही पडलेली नाही असं धरून गप्प बसलाय. रेवतीताई, तुमच्या सभेत पार्किंगवर बोलणाऱ्यांतही असे असतील.

सदाशिव_नाना

पाहणीत हो म्हणायला काय जातं? तो १ टक्का प्रत्यक्ष मागायला जा आणि मग मोजा. आमच्याकडे गणपतीची वर्गणी मागायला गेलं की दिवा लागलेला असून दार उघडत नाहीत.

पाषाण_रोड

रास्त. पण नाना, दुसऱ्याबद्दलचा अंदाजही फुकटच सांगायचा होता, तिथे लोकांनी हात का आखडला?

निवडुंग

तुमचे हीट पंप आणि कागदी पिशव्या तुमच्याजवळ ठेवा. ४ ऑक्टोबर २०१९ ला उच्च न्यायालयाने मेट्रो कारशेडसाठी आरेतली झाडं तोडण्याविरुद्धच्या याचिका फेटाळल्या, त्याच रात्री करवती लागल्या. २१४१ झाडं. ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने थांबा म्हटलं तेव्हा सरकारने सांगितलं, हवी तेवढी तोडून झाली. मुंबईकर उदासीन होते? रात्री दोन वाजता लोक धावत गेले, अटक झाले. काय झालं? ज्यांच्या सहीने हजारो टनांचा फरक पडतो ते एका बाजूला, आणि आम्ही पिशवी घरून नेली का म्हणून एकमेकांना विचारणार. वैयक्तिक कृती ही लोकांना गुंतवून ठेवायची युक्ती आहे.

जान्हवी_२००३

निवडुंगशी सहमत, आणि थोडा राग नानांवर पण. एका बादलीतली अंघोळ ऐकून ऐकून कान किटले. त्याच पिढीने नंतर दोन गाड्या आणि बंगला पण घेतला ना? आमच्या वर्गातल्या निम्म्या मुली मुलं नकोत म्हणतात, घरी कोणी ते गंभीरपणे घेत नाही. 'लग्न झालं की कळेल.' 🙄

सदाशिव_नाना

बंगला नाही, वन बीएचके. तोही कर्जाने.

मुठाकाठी

निवडुंग, तुमचा राग कळतो, पण आरेतून मी उलटा धडा घेतला. रात्री दोन वाजता धावण्याची वेळ आली म्हणजे आधीच्या तारखा हातातून गेल्या होत्या. शहरात झाड तोडायचं तर १९७५ चा वृक्षसंरक्षण कायदा आहे. नोटीस झाडावर लावावी लागते, वर्तमानपत्रात द्यावी लागते, हरकतींना ७ दिवस असतात. मोठ्या प्रकल्पाची जनसुनावणी असेल तर किमान ३० दिवस आधी जाहीर करावी लागते. त्या नोटिसा कोण वाचतं? पान सातवर, लिलावाच्या जाहिरातीशेजारी, मुंगीच्या अक्षरात. आम्ही काही जण मिळून आता फक्त एवढंच काम करतो. नोटीस शोधायची, फोटो काढायचा, सोप्या मराठीत दोन ओळी लिहून त्या पेठेच्या, त्या रस्त्याच्या ग्रुपवर टाकायची. हरकतीचा नमुना सोबत.

'हवामानबदल' हा शब्द त्यात नसतो. 'तुमच्या कोपऱ्यावरचं ते वडाचं झाड' असं असतं. लोक लिहितात हो. ज्यांना मी निर्ढावलेले समजत होतो, त्यांनी दोन-दोन पानांच्या हरकती लिहिल्यात. एका काकांनी तर झाडावर कविता जोडली होती, ती मी शिताफीने काढून घेतली. पुण्यातल्या वेताळ टेकडीवरच्या बालभारती-पौड फाटा रस्त्याविरुद्ध २०२३ मध्ये जी माणसं चालली त्यांत निम्मे सकाळी तिथे फिरायला येणारे होते. गुडघ्याच्या तक्रारीवाले. मोर्चात आयुष्यात पहिल्यांदाच आलेले.

दर वेळी जिंकतो का? नाही. बहुतेक वेळा हरतोच. पण कधी कधी रस्ता थोडा वळतो.

वऱ्हाडी_ठेचा

पुण्यात हे 'उदासीनता' वगैरे ठीक आहे, नागपुरात मे महिन्यात या मग बोलू. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी टिनाच्या खोलीत राहतात. पारा ४५ वर गेला की ती टिनं रात्री बारापर्यंत निवत नाहीत. त्यांना पर्वा नाही असं म्हणायची माझी तरी हिंमत नाही. सुट्टी मागितली तर आपणच तोंड वाकडं करतो.

आम्ही केलं ते फार साधं आहे. मार्च संपायच्या आत स्लॅबवर चुन्याचा पांढरा लेप, आणि मावशींच्या टिनांवरही, पैसे आमचे. खोली किती गार झाली ते मोजलं नाही, पण दुपारी पाठ टेकता येते म्हणाल्या. आणि मे महिन्यात त्यांनी सकाळी सात वाजता येऊन दहाला जायचं. उरलेली भांडी आम्ही घासतो. त्यावरून घरात दोन दिवस महाभारत झालं, आता सवय झाली. अहमदाबादने २०१० च्या उन्हाळ्यात इतकी माणसं गेल्यावर २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला, नंतर नागपूरनेही केला. पण बाप्पा, आराखडा टिनाखाली पोचत नाही, कोणीतरी चुना घेऊन चढावं लागते.

खजिनदार_बी_विंग

मूळ धाग्याकडे येतो, कारण आमच्या गच्चीवर सोलर आहे आणि सभेत मी 'हवामान' हा शब्द एकदाही उच्चारलेला नाही.

रेवतीताई, तुमचा विषय पडला नाही, तो ठरावच नव्हता. 'करायला पाहिजे' यावर हात वर करता येत नाही. मी काय केलं सांगतो. बारा महिन्यांचं सामाईक वीजबिल (लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे) एका कागदावर मांडलं आणि फ्लॅटमागे भागलं. तो आकडा लिफ्टमध्ये चिकटवला. बाकी काही लिहिलं नाही. आठवडाभरात लोक मलाच विचारायला लागले की हे इतकं कसं. मग दुसरा कागद. पीएम सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. २० किलोवॅट धरले तर ३ लाख ६० हजार. जागा किलोवॅटमागे सुमारे शंभर चौरस फूट. एक किलोवॅट दिवसाला सरासरी ४ युनिट देतो, म्हणजे रोज ८०. पावसाळ्यात कमी, एप्रिलमध्ये जास्त, नेट मीटरमुळे (जादा वीज कंपनीला जाते आणि बिलातून वजा होते) वर्षाचा हिशोब लागतो. तीन कोटेशनं. आणि ठरावाचा मसुदा नावांसकट: सूचक अमुक, अनुमोदक तमुक. दोघांशी आधी बोलून ठेवलं होतं.

खरा विरोध कुठून आला माहितीये? वाळवणातून. सांडगे, कुरडया, मिरच्या कुठे घालायच्या? वरच्या मजल्यावरच्या काकू सभेत पहिल्यांदाच उभ्या राहिल्या आणि त्यांचं म्हणणं बिनतोड होतं. सांगाडा डोक्याच्या वर जाईल इतका उंच करून घेतला, त्याचा खर्च वाढला, तो मंजूर झाला. पॅनेलच्या मधल्या पट्ट्यात अजून ऊन येतं. वाळवण तिथे.

रेवती_क

हे आवडलं, पण एक खुपतंय. लोकांनी पैशासाठी केलं. उद्या बिल कमी झालं म्हणून त्याच पैशात अजून एक एसी घेतील. मग मिळवलं काय? मनातून काही बदललंच नाही.

खजिनदार_बी_विंग

घेऊ दे. मनाचं खातं माझ्याकडे नाही.

पारनेरकर

खजिनदारांचं शंभर टक्के बरोबर. आमच्या शेजारचं हिवरे बाजार सगळ्यांना माहीत आहे, पण लोक तिथे जाऊन झाडं आणि बंधारे बघून येतात. बघायचा असतो तो पाण्याचा ताळेबंद. पावसाळा संपला की पडलेला पाऊस मोजतात, ग्रामसभेत मांडतात, माणसं-जनावरांचं पाणी आधी बाजूला, आणि उरलेल्यात कुठलं पीक घ्यायचं ते ठरतं. शेतीला बोअर नाही. ऊस, केळी नाही. पाऊस कमी पडला त्या वर्षी कोणाच्या मनात काय आहे हे कोणी विचारत नाही, आकडा समोर असतो. लबाडी करायची तर अख्ख्या गावासमोर करावी लागते.

निवडुंग

पोपटराव पवार प्रत्येक गावात नसतात. तीस-पस्तीस वर्षं एका गावात खपलेला माणूस दाखवून 'बघा जमतं' म्हणणं सोपं आहे. शेजारच्या किती गावांनी उचललं?

पारनेरकर

थोड्यांनी. हे खरं आहे.

जान्हवी_२००३

मुठाकाठी, तुमच्या नोटीसवाल्या ग्रुपमध्ये नवीन लोक घेता का? मला टायपिंग जमतं आणि रविवार मोकळा असतो. कविता काढून टाकायचं कामही करीन.

मुठाकाठी

घेतो! व्यनि पाहा. पेपर कागदावरचा लागतो पण, ई-पेपरमध्ये त्या जाहिराती कधी कधी वाचताच येत नाहीत.

सदाशिव_नाना

कागदाचा पेपर आमच्याकडे येतो. तीन येतात. पान सातचा फोटो पाठवत जाईन, चष्मा लावून. बाकी माझं मत होतं तेच आहे, अमेरिकेने आधी करावं.

रेवती_क

आमची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची आहे, नोटीस १४ दिवस आधी निघेल. विषयपत्रिकेसाठी असं लिहिलंय: 'सामाईक वीजबिल कमी करण्यासाठी गच्चीवर सौर यंत्रणा बसवण्यास मंजुरी देणे, कमाल खर्च ठरवणे व तीन सभासदांची समिती नेमणे.' 'पर्यावरण' शब्द दोनदा घातला आणि दोनदा खोडला. अजून हात शिवशिवतोय.

खजिनदार, एक व्यावहारिक शंका. गच्चीचं वॉटरप्रूफिंगही यंदाच निघालंय. आधी सोलर की आधी ते?

खजिनदार_बी_विंग

आधी वॉटरप्रूफिंग, डोळे मिटून. पण त्या ठेकेदाराला सांगाड्याचे पाय कुठे बसणार ते खडूने आखून दाखवा आणि तिथले काँक्रीटचे ठोकळे त्याच्याच कामात करून घ्या. नाहीतर सोलरवाला येऊन नव्या थरात भोकं पाडतो, पावसात वरच्या मजल्यावर गळतं आणि पुढची दहा वर्षं प्रत्येक ओल सोलरच्या नावावर खपते. दोन्ही कामांची हमी लेखी घ्या. माझी एक्सेल शीट व्यनित टाकतोय, पिवळे रकाने तेवढे तुमच्या बिलाप्रमाणे भरा.